प्रगती मैदानाचा जन्म 1972 चा नव्हे

दिल्लीच्या प्रगती मैदानाविषयी एक गोष्ट सर्रास सांगितली जाते: 1972 साली ‘आशिया 72’ या व्यापार मेळ्यासाठी ते उभं राहिलं, त्याआधी तिथे काही नव्हतं आणि शेतीशी त्या जागेचा संबंध कधीच आला नाही.

आधी ‘त्याआधी काही नव्हतं’ हे पाहू. पुराण्या किल्ल्यासमोरची ही जागा ‘मथुरा रोडचं प्रदर्शन मैदान’ म्हणून ओळखली जायची आणि 1955 साली तिथे भारतीय उद्योग मेळा भरला होता. 1972 मध्ये आलं ते प्रगती मैदान हे नाव आणि राज रेवल यांनी रचलेला हॉल ऑफ नेशन्स. तो हॉलही 2017 मध्ये पाडला गेला. नावाचं आणि इमारतींचं वय हेच जागेचं वय धरल्यामुळे हा घोळ झाला आहे.

शेतीशी संबंध नाही, हे तर मराठी माणसाने मुळीच ऐकून घेऊ नये. 11 डिसेंबर 1959 रोजी याच मैदानावर जागतिक कृषी प्रदर्शन सुरू झालं. राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद हजर होते आणि भारतात आलेले पहिले अमेरिकी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरही. प्रदर्शन भरवलं भारत कृषक समाजाने. 1955 साली ही संस्था उभी केली ती अमरावती जिल्ह्यातल्या पापळ गावात जन्मलेल्या डॉ. पंजाबराव देशमुखांनी. प्रदर्शन भरलं तेव्हा महाराष्ट्र राज्य व्हायला अजून साडेचार महिने होते आणि विदर्भातल्या एका शेतकऱ्याच्या मुलाने जगभरची शेती दिल्लीत आणून मांडली होती! अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला त्यांचं नाव आहे, पण या मैदानाची गोष्ट सांगताना ते कुणाच्या तोंडी येत नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

‘ते प्रदर्शन म्हणजे अमेरिकेचा प्रचार होता’ असाही एक सूर लागतो. यात थोडं तथ्य आहे. अमेरिकी दालनाचा थाट मोठा होता. पुढे न्यूयॉर्कचे जुळे मनोरे रचणाऱ्या मिनोरू यामासाकींनी सोनेरी घुमटांचं ते दालन उभारलं होतं. शीतयुद्धाच्या त्या काळात दालनांमध्ये चढाओढ होणारच. पण सोव्हिएत संघही तिथे होता, आणि बोलावणारे यजमान इथलेच शेतकरी होते. पाहुण्याचा मांडव मोठा म्हणून कार्य पाहुण्याचं होत नाही.

राहिला 1972 चाच मेळा. त्यातही खेड्यांना जागा होती. ग्रामीण भारत दाखवण्यासाठी तेव्हा निरनिराळ्या प्रांतांतल्या घरांसारखी घरं बांधली होती. मेळा संपला तरी ती राहिली. भैरों मार्गावरच्या हस्तकला संग्रहालयात गेलात तर त्या मातीच्या भिंती आजही पाहता येतात.