‘हरणाऱ्या टीमपायी शनिवार वाया’ या कमेंटला उत्तर

दादा, तुमची कमेंट सकाळी वाचली आणि दिवसभर तीच डोक्यात घोळत होती, म्हणून चार ओळीत न उरकता नीट बसून लिहितोय. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी अमेरिकेतल्या नेब्रास्का युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल टीमच्या 2021 च्या सीझनवर लिहिलेलं, की 12 पैकी 9 मॅच हरलो तरी घरच्या मैदानावरच्या, लिंकनमधल्या सातही मॅचना मी गेलो. त्यावर तुमचं म्हणणं की अशा आंधळ्या फॅन्समुळेच टीम बिघडते, स्टेडियम भरतंय म्हटल्यावर युनिव्हर्सिटी कोचला कशाला हात लावेल, ती 1962 पासूनची सगळ्या मॅच हाऊसफुल्लवाली गोष्ट पण आता ओढूनताणून चालवलेली आहे, आणि आपण कोल्हापूरची माणसं, हे ना आपलं गाव ना आपला खेळ.

हाऊसफुल्लचं तुमचं बरोबर आहे. 2021 मध्ये देणगीदारांनी उरलेली तिकिटं घेतली आणि गरीब घरच्या पोरांना दिली, तेव्हा आकडा टिकला. मला त्यात वाईट काही वाटत नाही, पण तिकिटं आपसूक खपली असं कुणी म्हणू नये.

कोचचं मात्र पटलं नाही. तेव्हाचा कोच स्कॉट फ्रॉस्ट म्हणजे 1997 ला इथंच क्वार्टरबॅक (टीमचा हल्ला चालवणारा खेळाडू) असताना नॅशनल चॅम्पियनशिप जिंकलेला, घरचा माणूस, तरी 2021 च्या नोव्हेंबरमध्येच त्याचा पगार कापला, चार असिस्टंट घरी पाठवले, आणि पुढच्या वर्षी जॉर्जिया सदर्नकडून घरच्या मैदानावर 45-42 हरलो तर दुसऱ्याच दिवशी त्याला काढला. तीन आठवडे थांबले असते तर त्याला द्यायची रक्कम निम्मी झाली असती, पण थांबले नाहीत, दीड कोटी डॉलर मोजले. स्टेडियम तेव्हाही भरलेलंच होतं की. आणि उलटं पण बघा, मी इथं एमएसला आलो तेव्हा तेव्हाचा कोच बो पेलिनी दरवर्षी नऊ-दहा मॅच जिंकत होता, लोकांना ते कमी वाटायचं, 2014 ला त्याला काढलं, आणि तीन वर्षांत आम्ही 4-8 वर (4 जिंकल्या, 8 हरल्या) आलो. त्यामुळे आरडाओरडा केला की टीम सुधारते यावर माझा तरी विश्वास नाही.

आंधळे म्हणालात ते लागलं, खरं सांगतो. आम्हाला सगळं दिसत होतं. इलिनॉयविरुद्ध आपल्या गोललाइनजवळ आलेला पंट (समोरच्यानं पायानं लांब मारलेला बॉल) सोडून द्यायचा तर पकडला आणि त्यातून समोरच्याला फुकटचे दोन पॉइंट, ओक्लाहोमाकडे टचडाउननंतरची एक्स्ट्रा पॉइंटची किक अडवली गेली आणि तोच बॉल घेऊन ते पळत सुटले, परत दोन, मिशिगन स्टेटला पंट मारायचा होता एका बाजूला, गेला दुसऱ्या बाजूला, आपली पोरं इकडे आणि बॉल तिकडे, सरळ टचडाउन (बॉल घेऊन गोललाइनपार, सहा पॉइंट) आणि मग ओव्हरटाइममध्ये हार. सगळा किकिंगचा घोळ, आणि महिनोन्‌महिने तोच. सीझनभराचे पॉइंट मोजा, आम्ही 335 केले आणि खाल्ले 272. म्हणजे एकूण 63 नी पुढे असूनही 3-9. हे मी मागच्या पोस्टमध्ये पण चिडूनच लिहिलेलं.

पण चिडणं वेगळं आणि पाठ फिरवणं वेगळं, आणि हे मला 9 ऑक्टोबरच्या रात्री कळलं. मिशिगनची मॅच, हाफटाइमला 13-0 मागे, आणि तिथून आमचा क्वार्टरबॅक एड्रियन मार्टिनेझनं टीम ओढत आणली, शेवटी शेवटी 29-29. दोन मिनिटंसुद्धा उरली नव्हती, तो बॉल घेऊन घुसला, गर्दीत अडकला, रेटत राहिला, आणि कुणीतरी हातातून बॉल काढून घेतला. मिशिगननं फील्ड गोल (किकचे तीन पॉइंट) मारला, 32-29, संपलं. मागच्या रांगेतल्या एकानं मार्टिनेझला नाही नाही ते ऐकवलं आणि मी त्याला थांबवलं नाही, कारण माझ्याही तोंडून ‘परत? परत हाच?’ निघून गेलेलं. नंतर बातमी आली की मिशिगन स्टेटच्या मॅचमध्येच त्याचा जबडा मोडला होता. म्हणजे त्या रात्री पोरगं दोन आठवड्यांच्या मोडक्या जबड्यानं खेळत होतं आणि आम्ही वर बसून त्याला नावं ठेवत होतो. पुढच्या वर्षी तो कॅन्सस स्टेटला गेला, त्याची टीम बिग 12 ही लीग जिंकली, मला घरचं कुणी पास झाल्यासारखं वाटलं. त्या रात्रीनंतर मैदानावरच्या पोराला मी स्टँडमधून शिवी दिली नाही आणि देणार नाही. कोचला लिहीन, डायरेक्टरला लिहीन, इथं पानभर लिहीन, पण त्या पोरांना नाही.

आणि गाव आपलं नाही म्हणालात. दादा, तुम्ही कोल्हापूरचेच ना? शाहू स्टेडियमवर फुटबॉलमध्ये पाटाकडील तालीम हरली म्हणून पेठेतलं कुणी दुसऱ्या तालमीचा झेंडा उचलतं का? माझा काका हरल्यावर घरी यायचा नाही, रात्री उशिरापर्यंत तालमीच्या कट्ट्यावर पोरांबरोबर बसायचा, काही न बोलता. या राज्यात मोठ्या प्रो लीगची एकही टीम नाही, जे काय आहे ते हेच, मॅचच्या दिवशी 85 हजारांवर माणूस त्या स्टेडियममध्ये असतो. मी नवीन असताना या लोकांनी मला नियम समजावले, थंडीत थर्मासमधली कॉफी दिली. आता टीम हरतेय म्हणून मी घरी बसू?

शेवटची आयोवाची मॅच, थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी. 21-6 पुढे होतो, पंट अडवला गेला, त्याचा टचडाउन झाला, आणि 28-21 हरलो. इथं जुनी रीत आहे, समोरची टीम मैदान सोडताना टाळ्या वाजवायच्या. माझ्या शेजारच्या सीटवर एक आजी असतात, वडलांपासूनची तिकिटं, कानात रेडिओची वायर. त्या उभ्या राहिल्या. आयोवा म्हणजे अगदी शेजारचं, सगळ्यात जास्त खुन्नस. हातात जाड मोजे, त्यामुळे टाळीचा नुसता धप्प धप्प आवाज. डोळे भरलेले, पण आयोवाचा शेवटचा पोरगा आत जाईपर्यंत त्या वाजवत राहिल्या, मग मीही उठलो.

बाकी ओहायो स्टेटच्या मॅचबद्दलची माझी चूक तुम्ही बरोबर पकडलीत. मी लिहिलेलं की हरलेल्या नऊच्या नऊ मॅच एका स्कोअरनं (एका वेळी जास्तीत जास्त आठ पॉइंट मिळतात) गेल्या, पण ती 26-17 होती, नऊ पॉइंट, म्हणजे दोन स्कोअर लागतात. आठ मॅच एका स्कोअरच्या आणि ही एक नऊची. पोस्टमध्ये बदल केलाय.