‘पुतळा’ म्हणणाऱ्या रसिकास

फ्रेंच नट मिशेल बूकेवरच्या माझ्या लेखाखाली ‘एक रसिक’ लिहितात: “सगळीकडे तोच थंड चेहरा. याला अभिनय म्हणायचं तर आमच्या चौकातला पुतळाही नटसम्राट. वय झाल्यावर सिनेमे मिळेनात म्हणून गडी नाटकात गेला.”

आधी कबुली. बूकेच्या सेझार या फ्रेंच चित्रपट पुरस्काराचं साल मी 2005 लिहिलं होतं. चित्रपट 2005चा, पुरस्कार 2006चा. दुरुस्ती केली. पण त्यासाठी “आधी अभ्यास वाढवा” हा शेरा कशाला? वीस वर्षं फ्रेंच सिनेमावर लिहितोय, चूक सरळ सांगितली तरी कळते.

आता पुतळा. दिग्दर्शक शाब्रोलचा ‘ला फाम अँफिदेल’ (‘बेइमान बायको’, 1969) पाहिलाय? पाहिला असेल तर चहा पिता पिता पाहिला असणार. बायकोच्या प्रियकराच्या घरी बूके पाहुणा होऊन बसलाय, हातात पेला, गप्पा अगदी सभ्य. मग त्याला तिथे एक भलाथोरला लायटर दिसतो. त्यानेच बायकोला दिलेला. चेहऱ्यावरचं हसू जात नाही, नुसतं आंबतं. आणि थोड्याच वेळात प्रियकराच्या डोक्यात घाव (तोही पुतळ्याचाच, बरं का). नटाने आधीपासून दातओठ खाल्ले असते तर खून दारातच कळला असता आणि प्रसंग कोसळला असता. पुढे ठसे पुसणं, रक्त धुणं, प्रेत गुंडाळून गाडीपर्यंत ओढत नेणं. संवाद जवळपास नाहीतच. सगळं काम पाठ, हात आणि धाप यांनी केलंय. पुतळ्याला धाप लागत नाही हो!

हाच ‘थंड’ माणूस नाटककार योनेस्कोच्या ‘ल रुआ स मर’ (‘राजा मरतोय’) या नाटकात राजा बेराँजे होता. नाटक संपताना तू मरणार, हे राजाला सुरुवातीलाच सांगतात. नटाने मग हुकमी आवाज, पाय, आठवण असं एकेक कमी करत जायचं. घाई झाली की राजा अर्ध्यातच मरतो, आणि शेवटाला नटाकडे द्यायला काही उरत नाही. 1994पासून बूकेने ही भूमिका पुन्हापुन्हा केली. 2005चा मोलिएर हा फ्रेंच नाट्यपुरस्कार तिचाच.

आणि “वय झाल्यावर नाटकात”? 1945 साली लेखक कामूच्या ‘कालिगुला’ नाटकात तो स्किपिओच्या भूमिकेत होता. वय वर्षं 19. फारच म्हातारा, नाही का?

सबटायटल्स, लेखाची लांबी वगैरे बाकी मुद्द्यांना उत्तर देत नाही. उच्चार मात्र ‘बूके’च आहे, ‘बुकेट’ नाही.