वगळता वगळता

‘एक्सेप्ट’ म्हणजे वगळता, हे मला सातवीत कळलं आणि गेल्या महिन्यात समजलं.

सरांनी तेव्हा उदाहरण दिलं होतं, ‘सगळे पास झाले, हा वगळता.’ बोट माझ्याकडे होतं. मी तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. या शब्दाची ‘अॅक्सेप्ट’ नावाची एक बहीणही आहे. दोघींचं मूळ एकच, लॅटिनमधलं ‘घेणे’. एक जवळ घेते, दुसरी उचलून बाहेर ठेवते.

तर हर्नियाचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मोबाईलवर आरोग्य विमा कंपनीचा मेसेज आला: क्लेम अॅक्सेप्टेड.

‘‘झाला गं मंजूर!’’

‘‘पुढचं वाच,’’ बायको म्हणाली.

पुढे ‘एक्सेप्ट’ होतं. मास्क, लाँड्री, कमरेचा पट्टा वगळता. पॉलिसीच्या मागे अशा न मिळणाऱ्या 68 गोष्टींची यादीच छापलेली असते. तिची सुरुवात बेबी फूडपासून, आणि तिसऱ्याच नंबरवर ब्यूटी सर्व्हिसेस! माझं सौंदर्यवर्धन म्हणजे वॉर्डबॉयनं पोटावरून फिरवलेला वस्तरा, तेवढंच.

खरा घाव खोलीनं घातला. पॉलिसीत रोजचं खोलीभाडं 5000 पर्यंत. मी घेतली 8000 ची, कारण खिडकीतून गुलमोहर दिसत होता. मला वाटलं, वरचे 3000 आपण भरू. पण तसं नसतं. खोली महाग घेतली की सर्जनची फीसुद्धा त्याच प्रमाणात कापतात. फी 40000, मिळाले 25000. म्हणजे कंपनीच्या हिशेबानं माझं पोट पाच-अष्टमांशच कापलं गेलं होतं! औषधांना मात्र ही कपात नाही. म्हणजे वगळण्यातून औषधं वगळलेली.

हा प्रकार पॉलिसीत जागोजागी आहे. पहिल्या 30 दिवसांतले आजार वगळलेत, अपघात वगळता. हे वाक्य मी तीनदा वाचलं आणि प्रत्येक वेळी वेगळा माणूस वाचला.

शेवटी एजंटला फोन लावला. ‘‘तुम्ही तर म्हणाला होतात, सगळं कव्हर आहे!’’

‘‘आहेच की साहेब,’’ तो शांतपणे म्हणाला, ‘‘हे सोडून.’’

तोवर बायकोनं जुना फॉर्म शोधून काढला होता. तळाशी एक चौकोन, त्यात माझ्या हातची ठसठशीत टिक, आणि शेजारी छापलेलं ‘आय अॅक्सेप्ट’.

चष्मा डोक्यावर सरकवत ती म्हणाली, ‘‘हा तरी शब्द नीट वाचला होतास ना?’’