सेतागायातला एक दिवस: दोन डब्यांची ट्राम, मांजरांचं देऊळ आणि शिस्तीबद्दलचा आपला लाडका गैरसमज

जपानच्या सहलींची पत्रकं पाहिली की तोक्योच्या वाट्याला दोन-अडीच दिवस आलेले दिसतात. आसाकुसाचं देऊळ, शिबुयाचा चौक, एखादा उंच मनोरा, खरेदी. पुढे फुजी, क्योतो, ओसाका. परत आल्यावर मग त्या पोस्टी येतात: काय ती शांतता, काय ती शिस्त, रक्तातच आहे हो त्यांच्या! माझं मत असं की शिबुयाच्या चौकात उभं राहून जपानी शिस्तीबद्दल काहीच कळत नाही. त्यासाठी एक दिवस लोक राहतात त्या वस्तीत पायी हिंडावं लागतं. आणि तिथे हिंडताना डोळे उघडे ठेवले, तर ‘रक्तात आहे’ हे वाक्य पुन्हा लिहावंसं वाटणार नाही.

वस्ती कुठली निवडायची? माझी शिफारस सेतागाया. तोक्योच्या २३ विभागांतला सगळ्यांत जास्त लोकवस्तीचा हा विभाग, ९ लाखांवर माणसं, तरी बहुतेक भाग दोन मजली घरांचा. इथे सेतागाया लाईन नावाची दोन डब्यांची छोटी गाडी धावते. सांगेन्जाया ते शिमो-ताकाइदो, ५ किलोमीटर, १० थांबे. १९२५ साली तामागावा नावाच्या ट्रामची शाखा म्हणून ती सुरू झाली. मुख्य ट्राम हमरस्त्यावरून धावायची. मोटारी वाढल्या तशी ती अडचण ठरली आणि १९६९ साली बंद झाली. शाखेचे रूळ मात्र घरांच्या मधून, स्वतःच्या जागेतून गेले होते, रस्ता अडत नव्हता, म्हणून ती वाचली. आज संपूर्ण तोक्योत ट्रामच्या दोनच लाईन उरल्यात, त्यातली ही एक.

दिवस मंगळवार ते शुक्रवारातला निवडा. सोमवारी इथली दाइकान याशिकी ही जुनी वास्तू बंद असते आणि शनिवार-रविवारी गोतोकुजी या मांजरांच्या देवळात गर्दी होते. सकाळी नऊच्या आत शिंजुकुला गाडी पकडायला जाऊ नका, ऑफिसची झुंबड असते. साडेनऊनंतर ओदाक्यू लाईनवर गोतोकुजी स्टेशनसाठी निघा. हमखास चूक इथेच होते. या लाईनवर जलद, अतिजलद असे बरेच प्रकार आहेत आणि गोतोकुजीला फक्त प्रत्येक स्टेशनावर थांबणारी धीमी गाडी थांबते. समोर आली म्हणून अतिजलद गाडीत चढलात तर शिमोकिताझावानंतर ती थेट नोबोरितोला, म्हणजे तामा नदी ओलांडून कावासाकी शहरात नेऊन सोडते. डोंबिवली फास्टमध्ये बसून कांजुरमार्गला उतरायचा बेत करण्यासारखंच. डब्याच्या बाजूला गाडीचा प्रकार लिहिलेला असतो, तो वाचूनच चढा. सुईका किंवा पास्मो कार्डात दोनेक हजार येन भरून ठेवा म्हणजे दिवसभर तिकिटाची कटकट नाही. भारतात घेतलेल्या बहुतेक अँड्रॉइड फोनवर ही कार्डं चालत नाहीत, तेव्हा प्लास्टिकचं कार्ड घ्या.

स्टेशनपासून गोतोकुजीचं देऊळ दहा-पंधरा मिनिटांवर. आधी दुकानांचा छोटा रस्ता लागतो, मग एकदम घरं सुरू होतात. देवळाचं मुख्य दार दक्षिणेला आहे आणि आपण उत्तरेकडून येतो, त्यामुळे भिंतीला वळसा घालावाच लागतो. एक पंजा उंचावून बोलावणारं ते पांढरं मांजर इथलं, अशी आख्यायिका. हिकोने जहागिरीचा सरदार ई नाओताका याला मांजरानं पंजा हलवून देवळात बोलावलं आणि तो वीज-पावसातून बचावला. १६३३ साली हे देऊळ ई घराण्याचं झालं. इथल्या मांजराचा उजवा पंजा वर असतो आणि त्याच्याजवळ सोन्याचं नाणं नसतं. देवळाचं म्हणणं असं की मांजर फक्त संधी आणून देतं, तिचं सोनं करणं तुमच्याकडे. इच्छा पूर्ण झाल्यावर लोक मूर्ती आणून ठेवतात, म्हणून शेकडो मांजरं ओळीनं बसलेली दिसतात. मूर्ती विकत घ्यायची असेल तर सकाळीच घ्या. दुपारी उशिरा विक्रीची खिडकी बंद झालेली असते आणि मोठ्या आकाराच्या मूर्ती कधी कधी आधीच संपतात.

बहुतेक पर्यटक मांजरांचे फोटो काढून परततात. त्याच आवारात ई घराण्याचं कबरस्तान आहे, तिकडे जा. तिथे ई नाओसुकेची कबर आहे. १८५८ साली अमेरिकेशी व्यापारी तह करणारा शोगुनचा, म्हणजे तेव्हाच्या लष्करी राज्यकर्त्याचा, सर्वोच्च मंत्री तो हाच. विरोधकांची त्यानं धरपकड केली, शिरच्छेद केले, आणि मार्च १८६० मध्ये एदोच्या (म्हणजे जुन्या तोक्योच्या) किल्ल्याच्या साकुरादा दाराबाहेर, बर्फ पडत असताना, त्याची हत्या झाली. आपल्याकडे १८५७ चा धुरळा खाली बसत होता तेव्हाची ही गोष्ट. हे नाव लक्षात ठेवा, दुपारी लागणार आहे.

देवळाच्या दक्षिणेला सेतागाया किल्ल्याची जागा. सिंहगड-राजगड पाहिलेल्या माणसाला ती दाखवायची थोडी लाजच वाटावी: मातीचे उंचवटे, कोरडा खंदक, संपलं. पाच मिनिटं पुरतात. त्यापेक्षा मियानोसाका थांब्याला लागून ठेवलेला हिरवा जुना डबा पाहा. तो आधी याच लाईनवर धावला, मग कामाकुराजवळच्या एनोदेन लाईनवर गेला आणि निवृत्तीनंतर इथे परत आला.

आता खरा मुद्दा. देवळातून निघाल्यावर मुख्य रस्ता टाळा आणि ‘कारासुयामा नदीचा हरित मार्ग’ शोधा. नकाशात तो नागमोडी हिरव्या पट्ट्यासारखा दिसतो. एके काळी इथे खरोखर नदी होती, नंतर तिच्यावर झाकण घालून वर पायवाट केली. नदी अजून खालून वाहते. ही नदी आणि किताझावा नदी पुढे एकत्र येतात आणि त्यांची मेगुरो नदी होते, साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या फुलांसाठी, गर्दी होते ती. पायवाट दोन्ही बाजूंच्या घरांपेक्षा थोडी खाली आहे आणि घरांची मागची दारं तिच्याकडे उघडतात, याचं कारण नदी. इथे गल्ल्या इतक्या वाकड्या का, याचं उत्तरही हेच. १९२३ च्या भूकंपानंतर लोक शहराच्या पश्चिमेकडे सरकले आणि शेतांवर घरं उठली. पुष्कळ ठिकाणी आखणी झालीच नाही. शेतातली पायवाट आणि ओढ्याचा काठ हेच रस्ते झाले.

चालताना पहिली गोष्ट जाणवते ती म्हणजे गल्लीत एकही गाडी उभी नाही. ही सद्‌वर्तनाची कमाल नव्हे. १९६२ च्या कायद्यानुसार गाडी घेण्याआधी ती ठेवायला तुमच्याकडे जागा आहे, आणि तीही घरापासून २ किलोमीटरच्या आत आहे, याचा दाखला पोलिसांकडून आणावा लागतो. दाखला नाही तर गाडीची नोंदणी नाही. वर रस्त्यावर एकाच जागी १२ तासांहून अधिक, रात्री ८ तासांहून अधिक गाडी ठेवणं हाच गुन्हा. आपल्या कुठल्याही उपनगरात हा नियम तीस वर्षं आधी आला असता आणि पाळायला लावला असता, तर आपणही ‘संस्कारी’ दिसलो असतो. लहान गाड्यांना या नियमात थोडी सवलत आहे, पण तोक्योच्या या भागात त्यांनाही जागेची माहिती पोलिसांना द्यावी लागते.

दुसरी गोष्ट रुंदीची. जुन्या गल्ल्या तीन मीटरच्या, कुठे त्याहून अरुंद. १९५० च्या बांधकाम कायद्यानं रस्ता किमान ४ मीटरचा ठरवला. मग जुन्या गल्लीत घर पाडून नवं बांधताना गल्लीच्या मध्यरेषेपासून २ मीटर मागे सरकावं लागतं. म्हणूनच एक घर पुढे, शेजारचं अर्धा मीटर मागे, पुढचं परत पुढे, अशी दंतपंक्ती दिसते. मागे सरकलेलं घर नवं, पुढे आलेलं जुनं: घराचं वय ओळखायची ही सोपी खूण. प्रत्येक प्लॉट निदान २ मीटर तरी रस्त्याला टेकलाच पाहिजे, म्हणून दोन घरांच्या मधून जेमतेम गाडी जाईल एवढी बोळ आत जाते आणि मागे तिसरं घर उभं असतं.

मोठं जुनं घर, बाग, दगडी भिंत, आणि शेजारी एकाच प्लॉटवर दाटीवाटीनं उभी तीन-चार सडपातळ घरं, हे दृश्य वारंवार दिसेल. यामागे वारसाकर असतो. मृत्यूनंतर १० महिन्यांत विवरणपत्र आणि पैसे दोन्ही द्यायचे. जमीन महाग, हातात रोख नाही, म्हणून वारस प्लॉट विकतात आणि बिल्डर त्याचे तुकडे करतो. जिथे तेही होत नाही तिथे घर तसंच पडून राहतं. २०२३ च्या सरकारी पाहणीत देशभरात सुमारे ९० लाख घरं रिकामी होती, एकूण घरांच्या १३.८ टक्के. पत्रपेटीचं तोंड चिकटपट्टीनं बंद केलेलं दिसलं, वेल खिडकीवर चढलेली दिसली, की समजावं. शांततेचा थोडा वाटा या घरांचाही आहे, आणि तो कौतुकाच्या पोस्टीत कधी येत नाही.

भुकेचं आधीच बघून ठेवा. या भागाचा बराचसा पट्टा फक्त कमी उंचीच्या घरांसाठी राखीव आहे. इमारत १० किंवा १२ मीटरपेक्षा उंच नको, दुकान चालवायचंच तर राहत्या घराचा भाग म्हणून आणि तेही ५० चौरस मीटरच्या आत. त्यामुळे गल्ल्यांत तासभर चाललात तरी हॉटेल लागणार नाही. जेवण स्टेशनांच्या आसपासच मिळतं. शाकाहारी मंडळींसाठी अडचण मोठी: सोबा आणि उदोन या शेवया, भाजीची उकड, अगदी अंड्याचा रोलसुद्धा, सगळ्यात वाळवलेल्या बोनितो माशाचा अर्क असतो आणि ‘मांस नको’ म्हटलं तरी तो काढत नाहीत, कारण त्यांच्या लेखी ते मांस नव्हेच. कोम्बू हे समुद्रशेवाळ भरलेल्या ओनिगिरीतही (भाताच्या मुटक्यातही) बहुधा तोच अर्क. त्यातल्या त्यात मिठाची किंवा उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी बरी, तरी पाकिटावरचे घटक फोनच्या भाषांतरातून तपासा. ठेपले-दशम्या नेल्या असतील तर बागेतल्या बाकावर बसून खा. कुठे कुठे शेताच्या तुकड्यापुढे विनामाणूस भाजीचं फडताळ असतं, पैसे डब्यात टाकायचे. सुटी १०० येनची नाणी जवळ असू द्या.

कचराकुंडी सापडणार नाही, पिशवी बरोबर ठेवा. पेयांच्या मशीनशेजारची पेटी फक्त बाटल्या-डब्यांसाठी असते, त्यात चिवड्याचं पाकीट कोंबणारे आपलेच लोक असू नयेत. स्वच्छतागृह बागेत किंवा मोठ्या स्टेशनात मिळेल, ट्रामच्या छोट्या थांब्यांवर नाही. घरांच्या दारावरच्या नावाच्या पाट्या आणि शाळेतून घरी जाणारी मुलं, यांचे फोटो काढू नका. पत्त्याच्या भरवशावर काही शोधायला जाऊ नका: गल्ल्यांना नावं नाहीत, क्रमांक वस्तीच्या ठोकळ्यांना (ब्लॉकना) आणि त्यातल्या घरांना असतात. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून घ्या.

दुपारी कामिमाची थांब्याजवळची दाइकान याशिकी पाहा. हिकोनेच्या ई घराण्याच्या इथल्या गावांचा कारभार पाहणाऱ्या ओबा कुटुंबाचा हा वाडा, गवती छपराचा, प्रवेश फुकट. इथून ट्रामनं दोन थांबे गेलं की शोइन-जिंजा-माए, म्हणजे शोइन देवळाचा थांबा. आणि इथे सकाळचं नाव परत येतं. योशिदा शोइन या तरुण शिक्षकाला १८५९ साली, वयाच्या २९ व्या वर्षी, ई नाओसुकेच्याच धरपकडीत ठार मारण्यात आलं. दुसऱ्या एका मंत्र्याला मारण्याचा बेत होता हे चौकशीत त्यानं आपणहून सांगितलं होतं. १८६३ साली त्याच्या शिष्यांनी, त्यात ताकासुगी शिनसाकू आणि पुढे पहिला पंतप्रधान झालेला इतो हिरोबुमी होता, त्याचे अवशेष इथे आणले. १८८२ साली देऊळ झालं. म्हणजे मारवणारा आणि मरणारा चालत जाण्याइतक्या अंतरावर, एकाच ट्रामच्या काठी. या दोन जागा एकाच दिवशी पाहिल्याशिवाय इथली फेरी अपुरी, असं मी ठामपणे म्हणेन.

ट्रामची रीत वेगळी आहे. भाडं कितीही अंतराला १६० येन. पुढच्या किंवा अगदी मागच्या दारानं चढायचं, चढतानाच कार्ड टेकवायचं, मधल्या दारानं उतरायचं. उतरताना कार्ड टेकवायचं नाही. दिवसाचा पास ३८० येनचा, म्हणजे तीन वेळा चढणार असाल तरच घ्या. शोइन देवळाहून सांगेन्जायाकडे जाताना वाकाबायाशीला ड्रायव्हरच्या मागे उभे राहा. तिथे ट्राम कान्नाना हा मोठा रस्ता ओलांडते आणि फाटक नसल्यानं ती मोटारींसारखीच लाल सिग्नलला थांबते.

सांगेन्जायाला कॅरट टॉवर या उंच इमारतीच्या २६ व्या मजल्यावर फुकट जाता येतं. हिवाळ्यात हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला फुजी दिसतो, म्हणून सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी पोचा. १५-१६ डिसेंबर आणि १५-१६ जानेवारीला मात्र शांततेसाठी येऊ नका. १५७८ पासूनचा बोरोइची बाजार तेव्हा कामिमाचीत भरतो आणि ट्राममध्ये पाय ठेवायला जागा नसते. बाजारासाठी यायचं असेल तर जरूर या.

परतीची गर्दी शहरातून बाहेर जाणारी असते, तुम्ही शिबुयाकडे, म्हणजे उलट दिशेला. निशी-कासाई या भारतीय वस्तीच्या भागात मराठी मंडळींकडे उतरला असाल तर सांगेन्जायाहून देन-एन-तोशी लाईनची गाडी घ्या. शिबुयानंतर तीच हान्झोमोन लाईन होते. ओतेमाचीला उतरून तोझाई लाईन पकडा. तिथेही गाडीचा प्रकार पाहून चढा, जलद गाडी निशी-कासाईला थांबत नाही.