डोंगल दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये: ई-सहीवरच्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या मंगळवारी आतेभावाचा, म्हणजे आमच्या दादाचा, फोन आला. "ते ई-सहीचं रद्द केलं बघ." एवढंच बोलला आणि पाठोपाठ एक मेसेज पाठवला.

दादाचा सांगलीत हळद-मसाल्याचा धंदा आहे. चार वर्षांपूर्वी दोन वितरक होते, आता लातूरपासून हुबळीपर्यंत एकतीस आहेत. प्रत्येकाशी करार, दरवर्षी त्याचं नूतनीकरण, शिवाय कामगारांची नेमणूकपत्रं आणि ट्रान्सपोर्टवाल्यांशी दरांचे ठराव. कागद कुरिअरने जातो, वितरकाच्या गल्ल्याखाली पंधरा दिवस पडून राहतो, आणि परत येतो तेव्हा नेमकी तिसऱ्या पानावरची सही राहिलेली असते. म्हणून मीच मागे लागून ई-सहीची सेवा देणाऱ्या दोन कंपन्यांची कोटेशनं मागवायला लावली होती. महिनाभर त्यावर बोलणं झालं आणि त्या सगळ्यावर एका फॉरवर्डने पाणी ओतलं.

‘व्यापारी बंधूंनो, ई-सहीच्या जाळ्यात अडकू नका!’ असं त्याचं नाव. सात मुद्दे, प्रत्येकापुढे लाल दिवा, खाली ‘जनहितार्थ’ आणि लेखकाच्या जागी ‘एक अनुभवी सल्लागार’. हा मेसेज मला तीन वेगवेगळ्या ग्रुपांवर आधीच येऊन गेला होता आणि मी दुर्लक्ष केलं होतं. आता घरात शिरला म्हटल्यावर उत्तर देणं आलं. क्रमाने जातो, पण चौथ्या मुद्द्यावर जास्त थांबणार आहे. का ते तिथे कळेल.

पहिला मुद्दा: ‘ई-सहीला कोर्टात किंमत शून्य. कोर्ट फक्त शाईची सही मानतं.’

माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून लागू आहे. म्हणजे तो आता पंचविशी ओलांडून गेला. त्याचं कलम ५ सांगतं की कायद्याला जिथे सही हवी आहे, तिथे ठरवून दिलेल्या पद्धतीची इलेक्ट्रॉनिक सही चालते. २००८ च्या दुरुस्तीने, जी २७ ऑक्टोबर २००९ ला अमलात आली, त्यात कलम ३-अ आणि १०-अ घातली. ३-अ ने डोंगलखेरीज, म्हणजे सहीची डिजिटल किल्ली ठेवलेल्या यूएसबी उपकरणाखेरीज, इतर पद्धतींना दार उघडलं, आणि २०१५ मध्ये आधारवरची ई-साइन, म्हणजे आधारच्या ओटीपीने करायची सही, त्या दारातून कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आली. १०-अ म्हणतं की निव्वळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्या कारणावरून करार रद्दबातल ठरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर २०१० मध्ये ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या बॉक्साइटच्या प्रकरणात ईमेलवरच्या होकारातून करार झाल्याचं मान्य केलं. तिथे रीतसर करारावर सह्या झालेल्याच नव्हत्या.

अर्धसत्य आहे, ते देऊन टाकतो. याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही कागद वगळलेले आहेत: मृत्युपत्र, विश्वस्तपत्र, बहुतेक मुखत्यारपत्रं, वचनचिठ्ठ्या. २०२२ मध्ये ही यादी आखडली. स्थावर मालमत्तेच्या विक्रीचा करार तिच्यातून निघाला, आणि बँका-वित्तसंस्थांच्या नावे केलेल्या, मागताच पैसे द्यायच्या वचनचिठ्ठीला व मुखत्यारपत्राला सवलत मिळाली. जागेच्या कागदाला नोंदणी लागते ती लागतेच. लिव्ह अँड लायसन्सही महाराष्ट्रात नोंदवावाच लागतो, नुसती ई-सही करून भागत नाही. पण फॉरवर्डवाल्याने अपवादांची यादी वाचून तोच नियम समजला. दादा हळदीच्या वितरकांशी करार करतोय, मृत्युपत्र लिहीत नाहीये.

दुसरा: ‘आधारवरून सही केलीत की तुमचा आधार क्रमांक आणि बँक खातं समोरच्याच्या हाती!’

नाही. आधार ई-साइन करताना अख्खा कागद सही देणाऱ्या यंत्रणेकडे जातच नाही, जातो त्याचा हॅश, म्हणजे त्या मजकुराचा गणिताने काढलेला ठसा. ओटीपी जुळला की त्या एका सहीपुरती किल्ली सुरक्षित यंत्रात तयार होते, वापरली जाते आणि नष्ट होते. तिचं प्रमाणपत्र, म्हणजे ती किल्ली कुणाची हे सांगणारा दाखला, अर्ध्या तासाचं असतं. समोरच्याला दिसतं ते सही करणाऱ्याचं नाव आणि वेळ. बँक खात्याचा यात कुठेच संबंध नाही. ही सेवा देणाऱ्यांना केंद्राच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाची मान्यता लागते. त्यात आपल्या पुण्याची सरकारी संगणन संस्था सी-डॅकही आहे, तिच्या सेवेचं नावच ‘ई-हस्ताक्षर’.

भीती घालायचीच होती तर खरी घालायची. तुमचा कागद ज्या कंपनीच्या पोर्टलवर चढवता, तिच्याकडे मात्र तो असतो. तो कुठे ठेवतात, किती वर्षं ठेवतात, हे विचारायला हवं. आणि ओटीपी सेल्समनला फोनवर वाचून दाखवलात, तर सही तुम्हीच केलीत.

तिसरा: ‘पीडीएफवर हिरवी टिक नसेल आणि प्रश्नचिन्ह दिसत असेल, तर सही बनावट.’

पंधरा रुपये भरून डिजिटल सातबारा काढलेल्या कुणालाही विचारा. त्यावरही सुरुवातीला पिवळं प्रश्नचिन्हच दिसतं. त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या संगणकातलं सॉफ्टवेअर भारतीय मूळ प्रमाणपत्राला, म्हणजे या सगळ्या सह्या ज्याच्या आधारावर उभ्या आहेत त्या दाखल्याला, अजून ओळखत नाही. सहीवर क्लिक करून ते प्रमाणपत्र एकदा विश्वासार्ह म्हणून नोंदवलं की टिक हिरवी होते. उलट, हिरवी दिसली तरी सही कुणाच्या नावची आहे ते उघडून वाचायचं. दादाचे दिवाणजी डिजिटल सहीचा कागद आला की प्रिंट काढतात, त्यावर शिक्का मारतात आणि परत स्कॅन करून फाइलला लावतात. सही त्या पीडीएफच्या पोटात असते. प्रिंट काढलीत की हातात उरतं ते तिचं चित्र.

आता चौथा. हा जसाच्या तसा देतो: ‘फार तर सीएकडून डोंगल काढून घ्या आणि पिनसकट त्यांच्याच ऑफिसात ठेवा. सगळे हेच करतात. आपल्याला कटकट नाही.’

सगळे हेच करतात, हे खरं आहे. या फॉरवर्डमधलं सगळ्यात खरं आणि सगळ्यात घातक वाक्य तेच. कुठल्याही तालुक्याच्या गावी कर सल्लागाराच्या ऑफिसात जा. एका ड्रॉवरमध्ये बिस्किटाच्या डब्यात पन्नास-साठ डोंगलं असतात, प्रत्येकाला कागदाची पट्टी चिकटवलेली, पट्टीवर नाव आणि खाली पिन. दादाने गेल्या वर्षी प्रायव्हेट लिमिटेड केली. संचालक दोघं, तो आणि वहिनी. दोघांचीही डोंगलं अशाच एका डब्यात. वहिनींना आपल्या नावाचं डोंगल आहे हेच माहीत नव्हतं. प्रमाणपत्र काढताना मोबाईलपुढे बसून व्हिडिओ पडताळणी केली होती, ती त्यांना बँकेच्या केवायसीची वाटली.

हे डोंगल म्हणजे काय ते नीट समजून घ्या. त्यातली किल्ली ही तुमची सही आहे. फोटो नव्हे, नक्कल नव्हे. शाईची खोटी सही केली तर हस्ताक्षरतज्ज्ञ फरक दाखवू शकतो. डोंगल कुणीही लावलं तरी सही शंभर टक्के तुमचीच उमटते, तिच्यात फरक दाखवण्यासारखं काही नसतंच. कोरा चेक सही करून दुसऱ्याकडे ठेवावा का, असं विचारलं तर दादा मला वेड्यात काढेल. आणि चेकवर निदान एकाच खात्याचे पैसे जातात. या डोंगलने कंपनीचे फॉर्म भरले जातात, जीएसटीची विवरणपत्रं जातात, निविदा भरल्या जातात.

कायदा याबाबत मोघम नाही. कलम ४२ म्हणतं की किल्लीवर ताबा ठेवण्याची वाजवी काळजी प्रमाणपत्रधारकाने घ्यायची. ती दुसऱ्याच्या हाती गेल्याचं कळलं तर प्रमाणपत्र देणाऱ्या प्रमाणन संस्थेला विनाविलंब कळवायचं, आणि कळवेपर्यंत जबाबदारी तुमची. त्या कलमाखालच्या स्पष्टीकरणात ही शेवटची गोष्ट शब्दांत लिहून ठेवली आहे. दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक सही लबाडीने वापरणाऱ्याला कलम ६६-क खाली तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे, पण ‘पिन मीच दिला होता’ असं तोंडाने सांगितल्यावर ती लबाडी सिद्ध कशी करणार? ओळखीतल्या एका भागीदारीत भांडण झालं, तेव्हा एकाच्या नावाने भरला गेलेला फॉर्म त्याला चार महिन्यांनी कळला. सही त्याचीच होती, डोंगल त्याचंच होतं. तो त्या दिवशी तुळजापूरला होता, एवढंच तो सांगू शकला.

यात सगळ्या सीएंना मी दोष देत नाही. कित्येकांना हा डबा नकोच असतो. क्लायंट ऐनवेळी फोन उचलत नाहीत, मुदत संपते, दंड त्यांच्या माथी मारतात, म्हणून तो डबा तयार होतो. पण सोय म्हणून चालू झालेल्या खोडीला ‘अनुभवी सल्ला’ म्हणून हजारो व्यापाऱ्यांना पाठवायचं? जनहितार्थ?

पाचवा: ‘कागदावर सही करा, मोबाईलने फोटो काढा, पीडीएफवर चिकटवा. फुकट आणि तेवढंच वैध.’

थांबा. पहिल्या मुद्द्यात ई-सहीला किंमत शून्य होती ना? मग चिकटवलेला फोटो एकदम वैध कसा झाला? लिहिणाऱ्याने स्वतःचा मेसेज वरपासून वाचलेला नाही.

फोटो चिकटवलेला करार आपोआप रद्द होत नाही, हे मान्य. ईमेल, पुढे झालेला मालाचा व्यवहार, दिलेले पैसे, यांवरून तो सिद्ध करता येतो. पण सिद्ध करण्याचं सगळं ओझं तुमच्या डोक्यावर. तो फोटो दिवाणजीही उचलून दुसऱ्या कागदावर लावू शकतो. मोबाईलवर बोटाने गिरवलेल्या सहीचंही तसंच, तिच्यामागे ओटीपी, वेळ, आयपी पत्ता यांची नोंद असेल तर तिला थोडा जीव. आणि कोर्ट इलेक्ट्रॉनिक पुरावा कसा घेतं? जालन्याच्या निवडणुकीचा खटला आठवतो का? २०१४ च्या विधानसभेला उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या नावाने तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि २०२० मध्ये न्यायालयाने स्पष्ट केलं: मूळ यंत्रच कोर्टात आणलं तर वेगळं, नाहीतर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो कुठल्या यंत्रातून कसा आला हे सांगणारं ठरलेलं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष अधिनियम आला. त्याच्या कलम ६३ मध्ये तेच प्रमाणपत्र दोन भागांत मागितलं आहे आणि त्यात हॅश लिहावा लागतो. तुमची सेवा देणारी कंपनी उद्या हे प्रमाणपत्र द्यायला उभी राहील का, हा कोटेशनवरच्या आकड्यापेक्षा मोठा प्रश्न आहे.

सहावा: ‘ई-कराराला स्टँप लागत नाही, हा एकच फायदा.’ तोही नाही. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमातल्या संलेखाच्या, म्हणजे कायदेशीर दस्ताच्या, व्याख्येत इलेक्ट्रॉनिक अभिलेखही धरलेला आहे. मुद्रांक नसेल तर तो भरेपर्यंत करार पुराव्यात घेत नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्याने कित्येक कागदांचा १०० आणि २०० रुपयांचा मुद्रांक ५०० वर नेला, तेव्हा जुन्या हिशेबाने चालू नका. हुबळीचा वितरक कर्नाटकातला, तिथले दर वेगळे, तेही कंपनीला विचारून ठेवा.

सातवा: ‘सगळ्या कंपन्या सारख्याच, स्वस्त असेल ती घ्या.’

सारख्या नाहीत. आणि कंपनीच्या आधी कागद बघायचे. दादाला हे दोन तास सांगितलं. वितरकांच्या करारांना आधार ई-साइन, कारण पैसे बुडाले तर भांडण तिथेच होणार. ट्रान्सपोर्टच्या दरपत्रकाला ओटीपीची साधी सही पुरे. सरकारी फॉर्मना डोंगल, आणि ते स्वतःच्या कपाटात. दुबईचा एक गिऱ्हाईक आहे, त्याला आधार नाही, त्याच्यासाठी परदेशात चालणारी ईमेलवरची सही.

मग कंपन्यांना विचारायचं. सहीमागे पैसे घेता की माणसामागे? वर्ष संपल्यावर न वापरलेल्या सह्या बुडतात का? सोडून गेलो तर सह्या झालेले सगळे कागद नोंदींसह एकगठ्ठा देणार का? आणि एक प्रश्न फारसं कुणी विचारत नाही: करारात नाव एकाचं आणि आधार दुसऱ्याचा असेल, तर तुमची यंत्रणा अडवते की तशीच सही घेते? गावाकडे लिंक येते मालकाला, आणि ओटीपी टाकतो पुतण्या. सही होते पुतण्याची. पुढे मालक म्हणतो, मी कुठे सही केली?

अडचणी येणारच. दादाच्या वितरकांपैकी सहा-सात जणांचा आधारला जोडलेला नंबर कधीच बंद पडलाय. त्यांनी तो बदलून घेईपर्यंत त्यांचे करार कुरिअरनेच जातील, त्यात काही आकाश कोसळत नाही.

परवा दादा वहिनींना घेऊन त्या ऑफिसात गेला आणि दोन्ही डोंगलं परत घेऊन आला. "इथंच सेफ होतं की हो," असं तिथला पोरगा म्हणाला म्हणे. घरी येऊन त्याने ती मला दाखवली. पिनची पट्टी तशीच चिकटलेली होती. ती त्याने नखाने खरवडून काढली आणि माझ्यासमोरच दोन्हींचा पिन बदलला. मी खिडकीबाहेर बघत बसलो.