तारीख द्यायला काय जातं?

दुकान ऑनलाइन काढलंत, अभिनंदन. फोटो चढले, भाव चढले, पैसे घ्यायची सोय झाली. आता फक्त गिऱ्हाइकाला माल कोणत्या दिवशी हवा, कुठल्या वेळात हवा आणि घरपोच हवा की येऊन नेणार, एवढं विचारणारं कॅलेंडर बसवायचं राहिलं. दहा मिनिटांचं काम आहे. एखादं प्लगइन, म्हणजे साइटला जोडायचा तयार छोटा प्रोग्रॅम, उतरवा, चार चौकोनांत टिचक्या मारा, झालं. यातलं काहीही स्वयंपाकघरात विचारायला मात्र जाऊ नका. तिथली माणसं कामात असतात आणि उगाच खरी उत्तरं देतात.

हा सल्ला अनुभवाचा आहे. नागपुरात सक्करदऱ्याला आमच्या वहिनी सांबारवडी आणि पुरणपोळीच्या ऑर्डरी घेतात, त्यांच्या दुकानाचं कॅलेंडर मीच बसवलं. वहिनी अजूनही माझ्याशी बोलतात. ‘हो’ आणि ‘नाही’ एवढंच बोलतात, पण बोलतात.

सुरुवात तयारीच्या वेळेपासून करा. ऑर्डर आल्यावर माल हातात द्यायला किती तास लागतात, असं प्लगइन विचारतं. तिथे शून्य लिहा. सांबारवडीला असा काय वेळ लागतो? (नागपूरबाहेरच्या वाचकांनो, सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीबरोबरचं ते इथे उपयोगाचं नाही.) जुड्या सोडायच्या, जाड देठं काढायची, तीन पाण्यांतून धुवायचा आणि जुन्या पेपरवर पंख्याखाली पसरायचा. तो पूर्ण कोरडा होईपर्यंत वहिनी चाकूला हात लावत नाहीत. ओलं सारण पारीत भरलं तर वडी कढईत फुटते आणि तेलभर सांबार नाचत सुटतो. पावसाळ्यात हे वाळणं रात्रभर चालतं. पण कॅलेंडरला पावसाळा कुठे दिसतो? त्याने सकाळी नऊला ऑर्डर घेऊन अकराची वेळ दिली. वहिनींनी सांबारावर केस वाळवायचं यंत्र धरलं. घरात आठ दिवस गरम कोथिंबिरीचा वास होता.

पुरणपोळीची डाळ रात्रीच भिजते हे तुम्हालाही माहीत आहे. एकाच पिशवीत दोन्ही पदार्थ आले तर ज्याला जास्त वेळ लागतो त्याचा वेळ धरावा, अशी सोय बऱ्याच प्लगइनांत असते. ती शोधावी लागते. सोडून द्या.

आता टाइमझोन. वर्डप्रेसवर, म्हणजे साइट बनवायच्या तयार सोयीवर, नवी साइट उघडली की तिचं घड्याळ बहुतेक वेळा यूटीसी या जागतिक वेळेवर असतं, म्हणजे आपल्या साडेपाच तास मागे. ते तसंच राहू द्या, जगाशी नातं राहतं. ‘उद्याच्या ऑर्डरी संध्याकाळी सहापर्यंतच’ असा नियम मी मोठ्या शिस्तीने लावला होता. तो रोज रात्री साडेअकराला लागू व्हायचा. सव्वाअकराला कोणी सकाळी आठच्या चाळीस वड्या मागितल्या की वहिनी फोनकडे बघायच्या, मग माझ्याकडे. त्याहून गंमत मध्यरात्रीनंतर. आपल्याकडे पहाटेचे साडेपाच वाजेपर्यंत साइटच्या हिशेबाने कालचाच दिवस चालू असतो. रात्री एक वाजता एका गृहस्थांना कॅलेंडरने ‘आज’ म्हणून कालची तारीख दिली आणि त्यांनी ती घेतलीसुद्धा. काल माल पोचवणारं दुकान नागपुरात आमच्याखेरीज दुसरं नसावं.

वेळांचे तुकडे पाडताना हात आखडता घेऊ नका. दहा ते बारा ठेवा, अकरा ते एकही ठेवा. दोन्हींत दहा-दहा ऑर्डरी. अकरा ते बारा या तासात वहिनींचे हात चार होतील, असं प्लगइन समजतं. आपण कशाला नाही म्हणायचं? घरपोच आणि पिकअप यांचा हिशेब वेगळा ठेवा, म्हणजे एकाच कढईचे दोन कोटे होतात. आणि ‘एका वेळेत जास्तीत जास्त ऑर्डरी’ हा चौकोन रिकामा सोडलात तर सोन्याहून पिवळं. रिकामा म्हणजे अमर्याद. मी आधी त्याचा अर्थ शून्य असा लावला होता.

पिकअपबद्दल फार लिहीत नाही. नागपूरकर वेळ निवडतो ती फॉर्म पुढे सरकत नाही म्हणून. साडेदहाच्या ऑर्डरीला वहिनींनी साडेबाराला फोन केला. उत्तर आलं, “निघालोच नं वहिनी, रस्त्यातच आहो.” मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती. माणूस सव्वादोनला आला, वहिनींचा नुकता डोळा लागला तेव्हा.

पोचवायच्या भागांत सरळ ‘नागपूर’ लिहा. पिनकोड टाकत बसू नका. हिंगणा नागपूरच, कामठी नागपूरच, बुटीबोरीचा माणूसही पुण्यात गेल्यावर स्वतःला नागपूरचाच म्हणतो. पोचवणारा एकच आहे, माझा पुतण्या, आणि त्याची गाडी एकच आहे, हा तपशील कॅलेंडरच्या कामाचा नाही. उन्हाळ्यात दुपारी एक ते चारची वेळ अवश्य चालू ठेवा. मे महिन्यात इथला पारा ४७ च्या वर गेलेला आहे, त्या वेळेत रस्त्यावर फक्त डांबर असतं, त्यामुळे ट्रॅफिक लागत नाही. डिसेंबरात हिवाळी अधिवेशन असतं. विधानभवनाच्या आसपास कठडे लागतात, सीताबर्डीकडे मोर्चे येतात. सिव्हिल लाइन्सच्या ऑर्डरी त्या आठवड्यांत खास सवलतीने घ्या.

अचानक दिवस बंद करायचं बटण कुठे आहे, हे घरात एकालाच माहीत असू द्या, आणि तो एक जण झोपलेला असू द्या. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. गणपतीचे दिवस होते, शनिवारच्या ऑर्डरी लागलेल्या. झोपलेला तो मी. सकाळी आठला आमच्या साइटने डागा लेआउटमधल्या एका बाईंना आपणहून कळवलं, ‘तुमची ऑर्डर आज वेळेवर पोचेल.’ त्यांनी घरातल्या पाण्याचा फोटो पाठवला. त्या फोटोखाली एक शब्दही नव्हता. त्या दिवशी मला माझ्या कॅलेंडरची खरोखर लाज वाटली. (उपरोधिक लेखात हे वाक्य बसत नाही, तरी राहू द्या.)

आता सुट्ट्या. इथे या विद्येचा कळस आहे.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, नागपुरात मारबत निघते, म्हणजे वाईटाच्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. सोबत बडगे, तेही पुतळेच. ज्याचा म्हणून राग असेल त्याचा पुतळा करायचा आणि ‘घेऊन जा गे मारबत’ म्हणत गावाबाहेर न्यायचा. इतवारी-महालात त्या दिवशी सायकल शिरत नाही. २०२३ साली मारबत १५ सप्टेंबरला होती, पुतण्या चार तास अडकला. मी शहाणा झालो. संध्याकाळीच प्लगइन उघडलं, १५ सप्टेंबर लाल केला आणि खाली ‘दरवर्षी’ असा एक चौकोन होता त्यात टिचकी मारली. कायमचा बंदोबस्त.

पोळा श्रावणाच्या अमावस्येला असतो. अमावस्येला दरवर्षीच्या चौकोनाची माहिती नसते. २०२४ साली मारबत ३ सप्टेंबरला आली, २०२५ साली २३ ऑगस्टला. स्वयंपाकघराच्या भिंतीवर कालनिर्णय होतं, वहिनींनी त्यावर पेन्सिलने गोल केला होता. ते पाहायला मला स्वयंपाकघरात जावं लागलं असतं, आणि ते करायचं नाही हे आपलं वर ठरलंच आहे.

तर ३ सप्टेंबर २०२४. सकाळी दहा ते बारा, महाल भाग, चौदा ऑर्डरी. पुतण्या डबे बांधून निघाला. अकराच्या सुमारास त्याचा फोन. मागे ढोल, ताशे, आरडाओरडा.

“काका, पुढे जाताच येत नाही. मागेही नाही.”

“डबे?”

“गरम आहेत. लोक विचारून राह्यले, कितीले दिली म्हणून.”

मी फोन वहिनींकडे दिला. त्यांनी भाव सांगितला, वेबसाइटवरच्या भावापेक्षा दहा रुपये जास्त. पंधरा मिनिटांत चौदाच्या चौदा डबे खपले, रोख. पुतण्या म्हणाला, अजून शंभर असते तरी गेले असते. फोन ठेवल्यावर वहिनी बऱ्याच महिन्यांनी माझ्याशी एक अख्खं वाक्य बोलल्या. “भाऊजी, पुढच्या वर्षी ते कॅलेंडर बंद ठेवा आणि मारबतीत गाडी लावा.”

अशी सोय प्लगइनमध्ये नाही. पैसे देऊन करून घ्यावी लागेल.

आणि हो, एक शेवटची टिचकी विसरू नका. वेळ संपली की ऑर्डर आपोआप ‘पोचली’ करून गिऱ्हाइकाला अभिप्राय मागणारी. आमच्याकडे ती चालू होती. बारा वाजता महालातल्या चौदा जणांना निरोप गेला, ‘तुमची सांबारवडी पोचली. कशी वाटली?’ तेरा जणांनी फोन केले. चौदाव्याने साइटवर एक तारा दिला आणि खाली लिहिलं, ‘गॅलरीतून पाहिली. दिसायला चांगली होती. दुसरेच खात होते.’