वापरलेल्या ब्लीचिंग मातीतलं तेल: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

खाद्यतेलाच्या रिफायनरीतून निघणाऱ्या ब्लीचिंग मातीतलं (तेलाचा रंग उतरवायला वापरलेल्या मातीतलं) तेल हेक्झेनने, म्हणजे तेल विरघळवून घेणाऱ्या एका द्रवाने, काढून घ्यावं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं, की हेक्झेन हे विष आहे, काढलेलं तेल गुपचूप आपल्याच डब्यात येईल, त्यापेक्षा ती माती पडीक जमिनीवर टाकून मोकळं व्हावं.

शेवटचा मुद्दा आधी घेतो, कारण तो मला अजिबात मान्य नाही. तेलाचा रंग उतरवायला साधारण 1 टक्का माती घालतात आणि मग गाळतात. फिल्टरमध्ये वाफ मारूनही त्या चोथ्यात 20 ते 30 टक्के तेल राहतं. रोज 100 टन तेल शुद्ध होत असेल आणि चोथ्यात 25 टक्के तेल धरलं, तर दिवसाला सुमारे 330 किलो तेल मातीबरोबर बाहेर जातं. मातीच्या बारीक छिद्रांत ते पातळ पसरलेलं असतं. हवा लागली की त्याचं ऑक्सिडेशन सुरू होतं, ढीग आतून तापत जातो आणि काडी न लावता पेटू शकतो. सोयाबीन, सूर्यफुलाच्या तेलाची माती तर फार लवकर. अशी माती गुरं चरतात तिथे नेऊन टाकायची?

हेक्झेनबद्दलची तुमची भीती मात्र निराधार नाही. त्याची वाफ हवेच्या तिप्पट जड, जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने भडकते. वर्षानुवर्षं ती श्वासातून गेली तर हातापायांच्या नसा बधिर होतात. हा धोका प्लँटमधल्या कामगाराचा आहे आणि त्याच्यासाठी जितकं कडक बोलाल तितकं थोडंच. ग्राहकाचं म्हणाल, तर बाजारातलं बहुतेक सोयाबीन तेल मुळात हेक्झेननेच काढलेलं असतं. सोयाबीनमध्ये तेल जेमतेम 18-20 टक्के. एक्स्पेलरने पिळलं तर पेंडीत त्यातलं बरंच अडकून राहतं. हेक्झेन 70 अंशांच्या आतच उकळतं, म्हणून ते तेलातून काढून परत वापरता येतं. शुद्ध तेलात ते 5 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 5 भागांपेक्षा) जास्त नको, असा आपल्याकडे नियम आहे.

मातीतून काढलेल्या तेलाचं दुखणं वेगळं आहे. ते आधीच खराब झालेलं असतं, आम्लता आणि पेरॉक्साइड (हवेमुळे तेल खवट होताना तयार होणारी द्रव्यं) वाढलेलं. माती जितके दिवस पडून राहील तितकं जास्त. हेक्झेन रंगद्रव्यं बरीचशी मातीतच सोडतं, त्यामुळे तेल दिसायला बरं निघतं, आणि म्हणूनच भेसळीचा मोह होतो. इथे मी पूर्ण तुमच्या बाजूने आहे. हे तेल साबण, बायोडिझेल किंवा वंगणालाच जावं. माती फिल्टरमधून निघाल्यावर लगेच प्रक्रियेला गेली पाहिजे, आणि काढलेल्या तेलाचा प्रत्येक टँकर कुठे रिकामा झाला याची नोंद तपासणाऱ्यासमोर ठेवायला हवी. ज्या प्लँटला ही नोंद दाखवता येत नाही, त्याला मातीचा एक ट्रकही देऊ नये.